काऊचा घास

जुन्या हुबळीत पोर जेवेनासं झालं की बायका आधी दृष्ट काढायच्या, मग देवाला नारळ बोलायच्या, आणि तरीही नाही जमलं तर मथुराक्काला बोलावणं धाडायच्या. डॉक्टर त्याच्या नंतर. आणि मथुराक्का येऊन गेल्यावर डॉक्टरची गरज बहुतेक पडायचीच नाही.

दिसायला ती काही फार मायाळू वगैरे नव्हती. उंच, हाडकुळी, डोक्यावरनं पदर घट्ट, आणि आवाज असा की एका बोळात बोलली तर पलीकडच्या बोळातलं कुत्रं उठून बसावं. नवरा अळणावरला लाकडाच्या वखारीत होता; तो गेल्यावर ती हुबळीला भावाकडं आली. कुणाच्या शेवया कर, कुणाचे पापड लाट, कुणाचं तिखट कांड, असं तिचं चाललेलं असायचं. एकदा एका घरी पापड लाटता लाटता तिनं तिथल्या रडक्या पोराला गोष्ट सांगत अख्खी भाकरी चारली, आणि तेव्हापासून लाटण्यापेक्षा तिच्या तोंडालाच जास्त काम लागलं.

तिची काम करायची तऱ्हाच वेगळी. घरात आली की पोराकडं ढुंकून बघायची नाही. तडक स्वयंपाकघरात. एकेक झाकण उचलायची, आत डोकवायची, आणि मग बाहेर येऊन जे शिजलंय त्याचीच गोष्ट रचायची. घरात भाकरी आणि वांगं असलं तर गोष्ट भाकरी-वांग्याची. ताक असलं तर ताकाची.

"गोष्टीत शिजंल ते ताटात पाहिजे बाई," ती आयांना झापायची. "तुम्ही पोराला राजाच्या खिरीची गोष्ट सांगता आणि पुढं सरकवता ज्वारीची भाकरी! रुसंल नाही तर काय करंल? शुद्ध फसवणूक झाली की त्याची!"

आणि खरंच तर काय! जुन्या गोष्टीत जो तो उठून खीर खातो, तूप खातो, लाडू खातो. आणि बाजारातल्या पोरांच्या नशिबी वर्षाचे दहा महिने भाकरी आणि कारळ्याची चटणी. मथुराक्कानं गोष्टीतल्या राजालाच भाकरी चारली. राणीला चटणी लागली म्हणून हाय हाय करत रांजणाकडं पळवलं. पोरं खदखदून हसायची, आणि हसताना तोंड उघडतं की नाही? तेवढ्यात घास आत.

भाकरीबाई फुगली,
तव्यावर रुसली,
वांग्याच्या घरी गेली
नि तेलात बुडून बसली!

हे तिचंच. आणि पोळीला गूळ-तूप असलं तर अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. हुबळीचं पोर दोन्ही भाषांत रडतं, मग जेवायलाच एक भाषा कशाला?

बा गं बेल्ला, बा गं तुप्पा,
पोळीत बसा गुपचुप्पा!

बेल्ला म्हणजे गूळ, तुप्पा म्हणजे तूप. "ये गं, ये गं" म्हणत ती गुळाच्या खड्याला हाताला धरून आणल्यासारखं आणायची.

पण तिचा हुकमी घास म्हणजे काऊचा. पहिला चिऊचा, दुसरा काऊचा, हे सगळ्याच घरात चालतं. मथुराक्काचा कावळा मात्र बाईमाणूस होता; कानडी गोष्टीतली ती कागक्का. ही कागक्का सकाळपासून उपाशी. सात दारं हिंडते आणि सातही दारांतनं हाकलली जाते. शेवटी आपल्याच भिंतीवर येऊन बसते. मग मथुराक्का घास वर धरायची, डोळे मोठे करायची आणि ओरडायची, "आली, आली! तिच्या आधी तू गट्ट कर!" कागक्काला फसवायची पोरांना कोण हौस! घास गट्ट. मग तिसरा, चौथा, ताट कधी चाटूनपुसून साफ झालं ते कळायचंही नाही. या गोष्टीवर तिनं कितीतरी पोरं जेवती केली होती, आणि त्याचा तिला गर्वही होता. का नसावा?

तर छत्तीस सालच्या उन्हाळ्यात तिला पुंडलिकरावांच्या घरनं बोलावणं आलं. पुंडलिकराव म्हणजे बाजारात खणांचं दुकान असलेले. मूळचे कोल्हापूरकडचे, पण दोन पिढ्या हुबळीत. त्यांची बायको हेमावती बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही. मागं राहिली पाच वर्षांची वत्सला. घर सांभाळायला पुंडलिकरावांची थोरली विधवा बहीण जनाबाई आली होती. आणि आता सव्वा महिना झाला, वच्छी जेवत नव्हती.

"जेवत नाही म्हणजे किती जेवत नाही?" मथुराक्कानं दारातच विचारलं.

"एक घास खाते," जनाबाई म्हणाली. "दोन्ही वेळेला एकेक घास. वर वाटीभर दूध, ते पण हातापाया पडून. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला. परवा पुंडल्यानं धारवाडहून पेढे आणले, ते तसेच वाळले बघ. डॉक्टर म्हणतो पोटात काही खोट नाही, पण अन्न गेलं नाही तर पोर हाती लागायची नाही." आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

वच्छी खांबाला टेकून बसली होती. परकरातनं गुडघ्याच्या वाट्या वर आलेल्या, मान एवढीशी. मथुराक्कानं पदर खोचला.

"बघू," ती म्हणाली. "आज काय शिजलंय?"

मऊ भात, तूप, मेतकूट. मथुराक्का खूश झाली. असल्या भाताला तर गोष्ट आपणहून चिकटते. पहिला घास चिऊचा. वच्छीनं तोंड उघडलं, खाल्ला. जनाबाईकडं बघून मथुराक्कानं भुवई उडवली: बघितलंस? मग तिनं आपली हुकमी गोष्ट काढली. कागक्का सकाळपासून कशी उपाशी, पोटात कशी आग पडलीय, सात दारांनी तिला कसं हाड् हाड् केलं. अशी रंगवून सांगितली की जनाबाईही भाजी निवडायची थांबली.

"आणि आता बघ, बसलीय भिंतीवर! आली गं आली! तिच्या आधी तू गट्ट कर!"

वच्छीनं ओठ घट्ट मिटले. डोळे भरले. तिनं मथुराक्काच्या हातातला घास मुठीत घेतला, उठली, आणि परसाकडं निघून गेली. परत आली ती रिकाम्या हातानं, आणि खांबाला टेकून बसली. मग भाकरीबाई आली, गूळ-तूप आलं, राणीला चटणी लागली. काही उपयोग झाला नाही.

"हे असंच," जनाबाई म्हणाली. "दुसऱ्या घासाला उठते, कुठंतरी टाकून येते."

मथुराक्का घरी गेली ती जळफळत. एवढंसं पोर आपल्याला जुमानत नाही म्हणजे काय! भावजयीनं विचारलं, "जेवली का गं वच्छी?" तर तिच्यावरच खेकसली. पण मनातनं ते मिटलेले ओठ जाईनात. हट्टी पोरं तिनं ढिगानं बघितली होती. हट्टी पोर घास थुंकतं, फेकतं, हात झटकतं. ही पोर घास जपून घेऊन गेली होती, सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरून. टाकायचा घास कुणी असा धरतं होय?

दुसऱ्या दिवशी तिनं गोष्ट सांगितली नाही. नुसतं "चिऊचा", "काऊचा" एवढंच म्हणाली, आणि वच्छी मूठ घेऊन उठली तशी तीही हलक्या पावलांनी मागं गेली.

परसात न्हाणीच्या मागं पायऱ्यांखाली एक कोनाडा होता. तिथं वच्छीनं भातुकली मांडली होती. छान पितळेची भातुकली, हेमावतीच्या माहेरची: एवढाली पातेली, तपेली, वेळणी, कळशी. आणि प्रत्येक भांड्यात भाताचा घास. काही वाळून खडा झालेले, काहींवर बुरशी, काहींना मुंग्या. वच्छी खाली बसून मुंग्या चिमटीनं एकेक उचलत होती आणि बाजूला सोडत होती. मग आजचा घास तिनं एका रिकाम्या वाटीत ठेवला आणि वर झाकण घातलं.

मथुराक्का खाली उकिडवी बसली. आवाज लहान करणं तिला कठीण जायचं, पण तिनं केला.

"कुणाचं गं हे जेवण?"

"काऊचं."

"मग काऊला घालायचं की. इथं का लपवलंस?"

"ती येत नाही ना!" वच्छी म्हणाली, आणि मोठं माणूस मूर्खाकडं बघतं तसं तिनं मथुराक्काकडं बघितलं. "त्या दिवशी पण आली नाही. सगळे बोलावत होते तरी आली नाही. आई उपाशीच आहे."

मथुराक्काला कालची आपली गोष्ट आठवली. काल आपण या लेकराला काय सांगितलं? तुझ्या आईच्या आधी तिचा घास तू गट्ट कर! सकाळपासून उपाशी आहे, सात दारांनी हाकललीय, आणि आता तू पण फसव! अरे देवा. आणि वर मी भुवई उडवून दाखवत होते.

ती आत आली आणि जनाबाईचा हात धरून तिला खाली बसवलं. "दहाव्याला काय झालं, सांग मला. काही लपवू नकोस."

जनाबाईनं सांगितलं. दहावा उणकलच्या तळ्यावर केला. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. बाभळीवर दोन बसले होते, पण खाली उतरेनात. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे कुणाला सांगायला नको. मग एकेकानं हात जोडून कबूल केलं. हेमावतीचा भाऊ म्हणाला माहेरचं तोडणार नाही. पुंडलिकराव म्हणाले पोरीला अंतर देणार नाही. तरी नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, जीव पोरीत अडकला असंल, तिला समोर आणा. टांगा पाठवून वच्छीला आणली, पिंडापुढं उभी केली. उन्हात तासभर उभी होती पोर. सगळे काव काव करून बोलावत होते. कावळे उडून गेले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि उरकलं.

"आणि पोरीला कुणी सांगितलं आई उपाशी आहे म्हणून?"

दारातनं पुंडलिकराव बोलले. दुपारच्या जेवणाला आले होते ते, कधीचे उभे होते कोण जाणे.

"मीच," ते म्हणाले. "तिला नाही सांगितलं. टांग्यात मेहुण्याला म्हणालो. उपाशीच गेली हो माझी हेमा, असं. वच्छी मांडीवर झोपली होती."

"झोपली होती!" मथुराक्काचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. "पोरं डोळ्यांनी झोपतात हो पुंडलिकराव, कानांनी नाही! एवढं कळू नये माणसाला?" आणि मग तिला आपली भिंतीवरची कागक्का आठवली. आता दोष द्यावा तरी कुणाला?

पण दुखणं कळलं की औषध सापडलंच, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं वच्छीला परसात नेलं, पानावर भाताचा घास मांडला, वर तुपाची धार सोडली आणि भिंतीवर ठेवला. आता कावळा काय, हुबळीत कावळ्यांना तोटा आहे होय? दोन मिनिटांत एक आला. मान वाकडी केली, घास उचलला, उडाला.

"जेवली गं बाई, जेवली!" मथुराक्कानं टाळी वाजवली. "आता आपण जेवायचं."

वच्छी भिंतीकडं बघत राहिली. मग मान हलवली.

"ही ती नाही. हिचा एक पाय वाकडा आहे. ही रोज येते, जनाक्काचे सांडगे पळवते." आणि थोडं थांबून, "आई चोरून नाही खात."

मथुराक्कानं भिंतीवरचं रिकामं पान उचललं आणि ती आत गेली.

त्या दिवशी वच्छीनं दूधही अर्धंच घेतलं. पुंडलिकरावांनी ठरवून टाकलं: गुरुवारच्या गाडीनं मिरजेला न्यायचं, दवाखान्यात ठेवायचं. डॉक्टर म्हणाला होता, तिथं नाकातनं नळी घालून भरवतात. मधे एकच दिवस उरला होता, बुधवार.

बुधवारी मथुराक्का आली खरी, पण कशाला आली ते तिलाच ठाऊक नव्हतं. गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं, युक्ती नव्हती. सकाळीच जनाबाईला म्हणाली होती, "मला नको बोलावू आता, माझा हात चालत नाही." आणि दुपारी आपणहून येऊन बसली. पहिल्यांदाच तिनं स्वयंपाकघरात जाऊन झाकण उघडलं नाही. जनाबाईनंच वाडगा आणून पुढं ठेवला आणि ती डोळे पुसत आत गेली, उद्याची बोचकी बांधायला.

वाडग्यात दहीभात होता. मऊ, पांढरा, वर थोडं मीठ.

मथुराक्कानं हात पुढं केला आणि मागं घेतला. परत केला. भातात बोटं बुडेनात. वच्छी बघत होती.

"तुला नाही आवडत?" वच्छीनं विचारलं.

"मी दहीभात सोडलाय," मथुराक्का म्हणाली.

"का?"

काशीला सोडला, नवसाला सोडला, काहीही सांगता आलं असतं. गोष्टी रचण्यात तर तिची हयात गेली होती. पण समोर ते एवढंसं तोंड होतं, आणि खोटं त्याला चालत नव्हतं, हे तिनं काल बघितलं होतं.

"माझी एक मुलगी होती," ती म्हणाली. "रुक्मिणी. तुझ्याहून लहान, तीन वर्षांची. अळणावरला तिला ताप आला. तिकडं रानाचा ताप वाईट असतो. वैद्य म्हणाला, लंघन, अन्नाचा कण द्यायचा नाही, नुसतं पाणी. ती दहीभात मागायची. 'आई, दहीभात. आई, थोडाच.' मी नाही दिला. मला वाटलं, बरी झाली की वाडगाभर देईन. चार दिवस मागितला तिनं. मग मागायची थांबली."

हे तिनं अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. भावाला नाही, भावजयीला नाही. रुक्मिणी तापानं गेली एवढंच सगळ्यांना माहीत. मांडीवर मेलेली पोर आणि फळीवर झाकून ठेवलेलं दही, हे तिचं तिलाच माहीत.

वच्छी सरकत सरकत जवळ आली. "मग तिचा काऊ आला?"

"लहान पोरांना काऊ नसतो गं. त्यांचं दहावं करत नाहीत. नुसतं पुरतात."

"म्हणजे ती अजून उपाशीच?"

मथुराक्काला रडू फुटलं. एवढी खणखणीत बाई, आणि रडताना आवाज म्हणून फुटेना. नुसती मान हलवली. हो, उपाशीच. माझ्या हातनं उपाशी गेली. लोकांच्या पोरांना किती घास भरवले, हिशेबाला बसले तर डोंगर होईल, पण तो एक वाडगा काही पोचला नाही.

वच्छीनं वाडग्यात बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती, मोठ्या माणसाला पडते तशी.

"तिचं मी खाऊ?" तिनं विचारलं.

मथुराक्कानं वर बघितलं.

"मी लहान आहे ना. ती पण लहान आहे. तिचं माझ्या पोटात चालंल." मग थोडं बिचकून, "आणि आईचं तू खा. तू पण आईच आहेस की."

आतल्या खोलीत बोचक्याची गाठ मारता मारता जनाबाईचा हात थांबला. दाराआड उभं राहून तिनं पदर तोंडात कोंबला.

अकरा वर्षांत मथुराक्काला कुणी आई म्हटलं नव्हतं. अक्का म्हणायचे सगळे. लहान पोर म्हणायचं, म्हातारंही म्हणायचं. तिला वाटलं, उठून पळावं. दहीभात आणि आपण! ज्या तोंडानं नाही म्हटलं त्या तोंडात घालायचा? नेम मोडायचा? पण पोर वाट बघत होती, आणि उद्या सकाळी गाडी होती.

"बरं," ती म्हणाली. "कुणी आधी?"

"मी. आई सगळ्यांच्या मागनं जेवते," वच्छीनं सांगितलं. हे तिला चांगलं माहीत होतं. रोज बघितलेलं होतं तिनं.

मग मथुराक्कानं दहीभातात हात घातला. चिऊ म्हणाली नाही, काऊ म्हणाली नाही. पहिला घास उचलला आणि तिच्या तोंडनं आपोआप निघालं, "हा रुक्मिणीचा." वच्छीनं तोंड उघडलं. चावला, गिळला. मूठ पुढं आली नाही, ती उठली नाही. दुसरा घास. "हा पण रुक्मिणीचा." तिसरा. पोट सव्वा महिना मिटलेलं, घास जड जात होते, मधेच उचकी लागली तेव्हा मथुराक्कानं पाणी पाजलं, पाठीवरनं हात फिरवला, म्हणाली, "पुरे गं, आता राहू दे." तर वच्छी म्हणाली, "तिला अजून भूक आहे." आणि आणखी दोन घास खाल्ले. जनाबाई दाराआड बोटांवर मोजत होती.

वाडग्यात तळाला थोडा भात राहिला.

"आता तू," वच्छी म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी तो भात गोळा केला. तिला घास नीट वळता येत नव्हता, बोटांच्या फटीतनं दही गळत होतं. गुडघ्यांवर उभी राहून तिनं हात मथुराक्काच्या तोंडापाशी नेला.

मथुराक्कानं तोंड उघडलं. भात आत गेला. अकरा वर्षांनी ती चव जिभेवर आली. ना चावता येई, ना गिळता येई. गाल फुगलेले, डोळ्यांतनं धारा, आणि ती तशीच बसून राहिली.

वच्छीनं दह्यानं माखलेल्या हातानं तिची हनुवटी धरली.

"असं तोंडात धरून बसायचं नाही," ती दटावून म्हणाली. "चाव. शहाणी ना तू? हं... आता गिळ."